पाव उणे

बूटवाली गेली आणि मागे दोन गोष्टी तशाच उभ्या राहिल्या. एक तिचं दुकान आणि दुसरा तिचा नवरा. दोघांचं पुढे काय करायचं, हे कुणालाच सुचत नव्हतं.

नवरा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला. आता घरी बसून होता, म्हणजे खरं तर दुकानातच बसून असायचा. दुकान बूटवालीच्या धाकट्या बहिणीनं उघडं ठेवलं होतं. चामडं कापणं, टाके घालणं, तळ चिकटवणं यांत धाकटीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण तिथलं गिऱ्हाईक साधं नव्हतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा सपाट, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. अशा प्रत्येकासाठी लाकडाचं पाऊल घडवायचं आणि त्यावर बूट ओढायचा. लाकूडकाम बूटवालीचं. धाकटीला ते येत नव्हतं, आणि ती येतं असं म्हणतही नव्हती.

दोन गल्ल्या सोडून एक सुतार होता. त्यानं नवं यंत्र आणलं होतं. आकडे दिले की ते लाकूड कोरून द्यायचं. मापं आणा, पावलं घेऊन जा, असं तो म्हणाला. अडचण एवढीच की यंत्राला आकडेच लागत, आणि बूटवालीनं मापं आकड्यांत लिहिलेलीच नव्हती. तिचा तक्ता कॉम्प्युटरवर होता खरा, पण ती बोलायची तसंच टाइप करायची. साडेचोवीस. सव्वा पंचवीस. पावणेसव्वीस. शेजारच्या रकान्यात गिऱ्हाइकाविषयी शेरे: ‘अंगठ्याला सांभाळून’, ‘मोजताना गुदगुल्या होतात’, ‘बोलते फार, माप आधी घ्यावं’.

धाकटीनं आडपडदा ठेवला नाही. बुटांच्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. मापांचं जमलं तर ती थांबणार होती, नाहीतर दुकानाला कुलूप. “भावजी, मला राग नाही कुणाचा,” ती म्हणाली, “पण नुसत्या आठवणीवर बूट उभा राहत नाही.”

त्यानं काम अंगावर घेतलं. कुलूप लागलं तर सकाळी उठून जायला जागा उरणार नव्हती, हे एक. आणि तिच्या मापाचे बूट घालून हिंडणारी ही सगळी माणसं एकेक करून दुसरीकडे वळतील, ते त्याला बघवलं नसतं.

मुलगी दुसऱ्या शहरात असायची. तिनं फोनवरून शिकवायला घेतलं. इतक्या ओळी एकेक करून बदलायला बसलास तर म्हातारा होशील, असं ती म्हणाली. तो म्हणाला, आणखी किती होणार? मग तिनं सांगितलं की शब्द शोधायचा नाही, शब्दाची ठेवण शोधायची. ‘साडे’ आणि त्याच्यामागे कुठलेही दोन अंक, असं सांगता येतं. कोणते दोन, ते सांगावं लागत नाही.

“मग ते दोन अंक जातील की,” तो म्हणाला.

“जाणार नाहीत. जे जपायचं ते कंसात घाल, बाबा. कंसातलं परत मिळतं.”

त्यानं ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं. तिनंही घाई केली नाही.

आधी त्यानं अक्षरांतल्या संख्यांचे आकडे केले. चोवीसचे २४, पंचवीसचे २५. साडेचोवीसचं ‘साडे२४’ झालं. मग शोधायच्या चौकटीत लिहिलं, साडे *([०-९][०-९]), आणि बदलायच्या चौकटीत, $1.५, म्हणजे कंसात जपलेले अंक आणि मागे .५. साडे आणि अंक यांच्यात जागा सुटलेली असो वा नसो, मधला तो * चा तारा ते सांभाळून घेणार होता. बटण दाबलं, आणि वरपासून खालपर्यंत सगळे साडे पटापट सरळ झाले. अडकलेली लिफ्ट एका झटक्यात सुरू व्हावी तसं त्याला वाटलं. ‘सव्वा’ काढून मागे .२५ लावले. हात बसला होता. त्याच झपाट्यात ‘पावणे’ काढून मागे .७५ लावले. तक्ता साठवला, बंद केला, आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवला.

शेऱ्यांच्या रकान्याला त्यानं हात लावला नाही. यंत्राला त्याच्याशी काही घेणं नव्हतं.

पहिली जोडी टपालवालीची. दिवसभर पायी फिरणारी बाई, तळवे पोळीसारखे सपाट. सुताराकडून पावलं आली, धाकटीनं जीव ओतून बूट केले. टपालवालीनं पाय घातला, दोन पावलं टाकली आणि टाच बाहेर आली.

“काका, यात माझ्यासोबत अजून एक जण चालेल,” ती म्हणाली.

धाकटी हसली नाही. तिनं बूट काढून घेतले आणि हत्यारं पुसायला लागली. एकेक हत्यार पुसून ती खणात ठेवत होती. रोज ती बाकावरच ठेवायची.

टपालवालीला मात्र राहवेना. माप किती धरलं होतं, तिनं विचारलं. त्यानं पडद्यावर वाचलं, पंचवीस पूर्णांक पंचाहत्तर.

“असं कुठे? ताई नेहमी पावणेपंचवीस म्हणायच्या.”

त्यानं बोटांवर मोजलं. पावणेपंचवीस. पंचविसाला पाव कमी. म्हणजे चोवीस आणि वर पाऊण. पावणे म्हणजे पाव उणे, हे काय त्याला माहीत नव्हतं? पावणेदहाच्या बसला तो कधी पावणेअकराला गेला नव्हता. पण साडे आणि सव्वा यांत भर पडते, म्हणून त्याच रांगेत पावणेलाही उभं केलं. बूटवालीनं उणं सांगितलं होतं आणि यानं एकेका पायाला सेंटीमीटरभर लांबी वाढवून ठेवली होती.

मुलीला फोन लागला. मूळ तक्त्याची प्रत आहे ना, हा तिचा पहिला प्रश्न. नव्हती. ती चिडली नाही. मग म्हणाली, पंचाहत्तरवाले सगळे एकानं कमी करता येतील, पण आईनं स्वतः कुठे आकड्यांत .७५ लिहिलं असेल तर ते बरोबर असलेलंही बिघडेल. ते कसं ओळखणार?

“ती लिहिणार नाही,” तो म्हणाला. “पूर्णांक पंचाहत्तर तिच्या तोंडून उभ्या जन्मात आलं नाही.”

“बाबा, खात्री?”

धाकटीनं हत्यारं पुसणं थांबवलं. दुरुस्तीला आलेल्या जुन्या बुटांची फळी तिच्या मागेच होती. ती एकेक बूट काढून आतून मोजू लागली आणि तो तक्त्यात नाव शोधू लागला. जिथे जिथे .७५ होतं, तिथे बूट सेंटीमीटरनं लहान निघाला. एकही चुकला नाही. बाकीचे आकडे तंतोतंत जुळले.

“आमची ताई,” धाकटी म्हणाली, “हिशोबातसुद्धा आपलंच बोलायची.”

या वेळी त्यानं आधी प्रत काढली. मग एकेक आकडा शोधून बदलायला लहान मापापासून सुरुवात केली, कारण मोठ्यापासून उतरलं असतं तर सव्विसाचे पंचवीस आणि त्याच पंचविसाचे पुन्हा चोवीस झाले असते. हे त्याचं त्यालाच सुचलं. धाकटी खांद्यावरून बघत होती. मध्येच शेरे वाचून तिला हसू यायचं, आणि तोही थांबून तिला वाचू द्यायचा.

नवी पावलं आली, नवे बूट झाले आणि टपालवाली दुसऱ्यांदा आली. तिनं नाड्या बांधल्या, दारापर्यंत गेली, पायरी उतरली. कोपऱ्यापर्यंत चालून बघते म्हणाली. कोपरा आला, ती वळली आणि दिसेनाशी झाली. दोघं वाट बघत राहिले. ती आलीच नाही. पिशवी खांद्याला होती, ती सरळ टपाल वाटायला निघून गेली होती.

तिचे जुने बूट बाकाखाली तसेच पडले होते. धाकटीनं ते उचलून फळीवर ठेवले, खणातून हत्यारं बाहेर काढली आणि बाकावर मांडली.

“भावजी, पुढची ओळ वाचा.”

त्यानं वाचली. माप वाचलं, आणि शेराही.