सात गाठी

“सिस्टर, कात्री आणा. आज पुन्हा सात आहेत, आणि बाई हात लावू देत नाही,” न्हाणीघराच्या दारातून आयाने हाक दिली.

सिस्टरने कात्री उचलली. मनोरुग्णालयाच्या त्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवरची ती बाई पायजम्याच्या नाडीला सात गाठी मारायची, त्याही ओल्या करून. आंघोळीआधी रोज कात्री लागे. महिन्याभरापासून गाठी कमी होत गेल्या, गेल्या आठवड्यात एकच उरली. डॉक्टर खूश झाले, घरी पत्र गेलं. तिला न्यायला दीर येणार, हे तिला काल कळलं होतं.

दीर खोलीत येतो, नको ते करतो, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सिस्टरनेच ते फायलीत लिहून पुढे ‘भ्रम’ असा शेरा मारला होता. नोकरीच्या सव्वीस वर्षांत किती बायकांपुढे हा शब्द लिहिला, याची गणती नव्हती. बायका तेवढ्या वेड्या, आणि त्यांचे दीर, सासरे, काका सगळे शहाणे. हे आपल्याला कधी खटकलं कसं नाही, याची आता तिला लाज वाटत होती.

ती डॉक्टरांकडे गेली. “हिला पाठवू नका. ती सांगते ते खरं आहे.”

“पहिल्या पानावर भ्रम कुणी लिहिलंय, सिस्टर?” तरुण डॉक्टरांनी फाईल तिच्याकडे वळवली. “आता मी कुठल्या तोंडाने तक्रार करू?”

बाहेर बाकावर दीर बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फळांची पिशवी. “वहिनी म्हणजे आईच हो आम्हाला,” तो आयाला सांगत होता.

सिस्टरने पेन उघडलं. खरं लिहून बाई सुटणार नव्हती. मग तिने लिहिलं : आजार उलटला. गाठी सात. दिराबद्दलचा भ्रम बळावला. घरी पाठवण्याजोगी नाही.

डॉक्टरांनी वाचलं, एकवार तिच्याकडे पाहिलं, गोळी वाढवली आणि सही केली. तीन महिन्यांनी येतो म्हणून दीर उठला. फळांची पिशवी तो परत घेऊन गेला.

“गेला?” बाईने विचारलं. ती अजून न्हाणीघरातच, भिंतीला टेकून उभी होती.

“गेला.”

“म्हणजे तुम्ही माझं खरं म्हणून लिहिलंत.” तिचे डोळे भरून आले. “आजवर कुणी लिहिलं नव्हतं हो.”

सिस्टरला तिच्याकडे बघवेना. वॉर्डातल्या एकाही न्हाणीघराला आतून कडी नव्हती. तिने कात्री खिशात टाकली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून त्याला पाठ लावून उभी राहिली.

“तुझ्या हातांनी सोड. मी आहे इथे, कुणी येणार नाही.”

औषधांची वेळ झाली, आया दोनदा बोलवून गेली. सिस्टर जागची हलली नाही. पाऊण तासाने आत पाण्याचा पहिला तांब्या पडला.