महाराज घरीच असतात

विस्मरणाने ग्रासलेल्या वृद्धाच्या भूमिकेसाठी रुद्रेशला एका चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी त्याच्या निरीक्षणशक्तीचे विशेष कौतुक केले. निरीक्षणासाठी त्याला फार लांब जावे लागले नव्हते. इब्रामपूरला घरच्या पडवीत वडील कृष्णनाथ दिवसभर बसलेले असत.

कृष्णनाथांनी हयातभर दशावतारात राजाचे काम केले. दशावताराला लिखित संहिता नसते. सोंग चढवायचे आणि समोरचा बोलेल त्याला सुचेल ते उत्तर द्यायचे. त्यामुळे ते विसरू लागले आहेत हे बरेच दिवस कोणाच्या लक्षातच आले नाही. एका जत्रेत त्यांनी आपल्याच राणीला ‘बाई, आपण कोणाच्या?’ असे विचारले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे घरी पत्नी सुमंगलालाही तेच विचारले, तेव्हा कुठे डॉक्टर गाठण्यात आला.

आता त्यांच्या तोंडी घरची बोली क्वचितच येई. उरली होती ती राजाची भाषा. ‘महाराज, स्नानाची वेळ झाली’ असे सुमंगलाने म्हटले की ते उठत. रुद्रेश मात्र ‘बाबा, मी रुद्रेश’ असेच सांगत राही आणि परका ठरे.

कॅमेऱ्यासमोरच्या, चुकले तर पुन्हा करता येणाऱ्या कामाला वडिलांनी कधी बरे म्हटले नव्हते. ‘परत परत करूक गावता, तां कसलां काम?’ असे ते धडधाकट असताना विचारत. रुद्रेशला त्यांच्याकडून कौतुकाचा एक शब्द हवा होता, आणि तो मागण्याचे दिवस सरत चालले होते. म्हणून एका रविवारी त्याने त्यांना टीव्हीसमोर बसवून आपला चित्रपट लावला.

पडद्यावरचा म्हातारा सदऱ्याच्या एकाच बाहीत दोन्ही हात घालू पाहत होता. कृष्णनाथ ताठ बसले.

“या वृद्धाची प्रकृती ठीक नाही. याच्या घरी कोणी आहे की नाही?”

“मुलगो आसा,” सुमंगला म्हणाली.

“मग तो कुठे आहे?”

“शूटिंगाक गेलो.”

रुद्रेशने तिच्याकडे पाहिले. “बाबा, तो म्हातारो मीच. बक्षीस गावलां माका.”

कृष्णनाथांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. “आपण कोण?”

“रे बक्षीसवाल्या,” सुमंगला हळूच म्हणाली, “नाव कित्याक सांगतंस? प्रवेश घे.”

रुद्रेशला लिहून दिलेल्या वाक्यांची सवय होती. तरी तो उठला आणि त्याने हात जोडले.

“महाराज, मी परदेशी गेलेला आपला पुत्र. यायला विलंब झाला.”

“पुरावा?”

“पुरावा नाही, महाराज. चेहरा आहे.”

कृष्णनाथांनी तो चेहरा बराच वेळ पाहिला. “तो पुरेसा नाही,” ते म्हणाले. “पण बसा.”

मग पडद्यामागे बोलावे तसे ते सुमंगलाकडे झुकले. “हो नवो मनीस खंयचो गो? उत्तर बरां देता. फाल्यां हेकाच बोलाय.”

उद्याचे बोलावणे ऐकून सुमंगलाने रुद्रेशकडे वळून विचारले, “उद्या शूटिंग आसा मरे तुजां?”

“नाही,” रुद्रेश म्हणाला.

शूटिंग होते.