पंचफुलाचं विरजण

सिताराम गुरुजी मानवतच्या शाळेत एकवीस वर्षं विज्ञान शिकवत होते. बदल दोन तऱ्हेचे, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. बर्फाचं पाणी होतं आणि पाण्याचा पुन्हा बर्फ होतो. दुधाचं दही होतं, दह्याचं पुन्हा दूध होत नाही.

बायको, पंचफुला, हसायची. "तुमचं रसायन फळ्यावर. पुसलं की गेलं. माझं रोज भाकरीसंगं खाताव."

ती आषाढात गेली. तिसऱ्या दिवशी गुरुजींना फळीवर तिनं लावलेलं दही दिसलं. त्यांनी त्यातलंच चमचाभर कोमट दुधात घातलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं चमचाभर नव्या दुधात. असे सात महिने झाले. दही आंबट होतं, त्यांना फारसं आवडतही नव्हतं. पण एक दिवस चुकला तर तिच्या हातचं संपलं. त्यामुळं गावाबाहेर मुक्काम नाही. लेक कुसुम नांदेडला बाळंत झाली, तेव्हाही त्यांनी "सुटी मिळत नाही" असं कळवलं.

आता तिचं कार्ड आलं होतं. 'आप्पा, तुमी आल्याशिवाय लेकराचं नाव ठेवणार न्हाई. सासूबाई बोलायल्यात. गुरुवारी या.'

विद्यापीठाच्या नामांतराचा रास्ता रोको दोन दिवसांपूर्वी उठला होता, गाड्या सुरू होत्या. तेही कारण राहिलं नव्हतं. विरजण सोबत नेता आलं असतं, पण परक्या घरात, परक्या भांड्यात कोण त्याच्याकडं बघणार?

बुधवारी संध्याकाळी मांजरानं दह्याचं मडकं पाडलं. खापरीला लागलेलं दोन चमचे दही त्यांनी बोटानं निपटून घेतलं. दुसरं मडकं घरात नव्हतं. पंचफुलाचं पितळी भांडं होतं. त्यांनी ते चिंचेनं घासलं, आतून सोन्यासारखं पिवळं निघालं. त्यांना बरं वाटलं. त्यात दूध ओतलं, दही सगळंच घातलं आणि वर ताटली ठेवली.

गुरुवारी सकाळी ताटली उचलली तर कडेनं हिरवट कड आली होती. जिभेला लावलं, आणि मळमळून आलं. पितळ उतरून दही कळकलं होतं.

आंबट पदार्थ आणि तांबं-पितळ. हा धडा ते दरवर्षी शिकवत. दिवाळीच्या आधी कल्हईवाला दारात आला होता. "बाईसाहेब दरसाल करून घ्यायच्या, गुर्जी." तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "आता कोणासाठी?" आणि त्याला परत पाठवलं होतं.

ते भांडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले. शेजारच्या सरजाबाई पाण्याची घागर घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"गुर्जी, आज नांदेडला जायलाव ना? असं काय बसलाव?"

"इरजण गेलं, बाई. तिचं व्हतं."

सरजाबाईंनी भांड्यात बघून नाक मुरडलं. "अवो, कल्हई न्हाई याला! एवढे शिकलेले तुमी!" मग घागर खाली ठेवून घरात गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. "हे घ्या. हे पंचफुलाचंच हाय. गेल्या सालच्या संक्रांतीला माझं नासलं, तवा तिनं दिलं. माझ्याकडनं रुख्मिणीनं नेलं, तिच्याकडनं दगडाबाईनं. आख्खी गल्ली खायलीय की! तुमाला म्हाईत न्हाई?"

गुरुजींना माहीत नव्हतं. चुलीपाशी काय येतं-जातं हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी बोट बुडवून चाखलं. तसंच आंबट.

"आता जा लेकीकडं. चार दिस ऱ्हावा. मी लावते रोज. अकराची गाडी हाय."

त्यांनी पिशवी भरली. बाहेर येऊन कडी लावली, कुलूप हातात घेतलं. समोर वाटी घेऊन सरजाबाई उभ्या होत्या. आता ते दही गुरुजींवाचूनही लागणार होतं. सात महिने आपण ते दही जपलं ते इथंच अडकून राहता यावं म्हणून, हे त्यांना कळलं. नांदेडच्या घरात सगळे जमलेले असतील आणि कुसुमशेजारी तिची आई नसेल. हे त्यांना बघवणार नव्हतं.

"काय ऱ्हायलं, गुर्जी?"

"काय न्हाई."

त्यांनी कुलूप कोयंड्यात अडकवलं. किल्ली फिरवायची राहिली. स्टँडकडून अकराच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, मग गाडी पूल ओलांडून गेली. तरी ते कुलूप धरून उभेच होते. सरजाबाईंनी घागर उचलली.

"दोनला दुसरी हाय," त्या म्हणाल्या.