वरून दिसणारा किनारा

पाठ दुखते म्हणून माणूस कामावर जात नाही आणि त्याच दुपारी भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर टाकून दोन जिने चढून येतो, तर त्या पाठीविषयी बायकोला शंका येणारच. तिला ती केव्हाच आली होती. गेले काही महिने नवऱ्याची पाठ अशी अधूनमधून दुखे आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नव्हतं अशी बरी होई. शिवाय ज्या रात्रपाळीला त्याने जन्मभर शिव्या घातल्या, ती तो आता साहेबांकडून मागून घेत होता.

"वहिनी, लक्ष ठेव हं," नणंद फोनवर म्हणाली होती. "रात्रपाळी मागून घेणारा पुरुष मी तरी अजून पाहिलेला नाही."

नणंदेला जे सुचवायचं होतं ते तिला पटलं नव्हतं. बाहेर काही भानगड असती तर हा माणूस सकाळी घरी येऊन डाराडूर घोरला नसता, आणि उठल्यावर टीव्हीच्या आवाजावरून आईशी भांडलाही नसता. तिची भीती वेगळी होती. नवरा बंदरात उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून जहाजांवरचे कंटेनर चढवी-उतरवी. असा माणूस दुखणं लपवत असेल, तर ते त्याच्या एकट्याचं दुखणं राहत नाही. खाली माणसं उभी असतात.

ती शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथल्या सवयीने तिने मनाशी पडताळून पाहिलं. पाठ ठरावीक वारी दुखते का? ठरावीक साहेब पाळीवर असला की दुखते का? कशाचाच कशाशी मेळ बसेना. शेवटी सरळ विचारायचं ठरवलं. पण घर दोन खोल्यांचं, आणि सासूबाईंना ऐकू कमी येई ते फक्त कामाला हाक मारली की. म्हणून सुट्टीच्या दिवशी नवराच जेव्हा म्हणाला, "चल, आज तुला क्रेनवरून दिसतो तो किनारा दाखवतो," तेव्हा ती लगेच हो म्हणाली. चहाचा थर्मास भरून होईतो सासूबाईही चपला घालून दारात उभ्या होत्या.

"तुमचे गुडघे?" तिने विचारलं.

"गुडघे घरी ठेवून कसे येणार? बरोबरच आणते."

"अगं, येऊ दे तिला," नवरा म्हणाला. "वीसेक वर्षं रोज वरून बघतोय तो किनारा. टेबलासारखा सपाट आहे. चिटपाखरू नसतं. एक झाड आहे, आख्खं वऱ्हाड बसेल एवढा घेर. बसायला बाकसुद्धा आहे."

"आणि इतक्या वर्षांत एकदाही गेला नाहीस?" सासूबाई म्हणाल्या.

"पाळी संपली की घरी पळायची घाई असते, आई."

बंदराच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हर चाकांच्या सावलीत झोपले होते. एका बाजूला उंच भिंत, तिच्यामागे रंगीत कंटेनरांचे ढीग, आणि सतत कुठेतरी लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज. पंपघराशेजारी एक लहान फाटक होतं. तिथला पहारेकरी नवऱ्याला बघून खुर्चीतून अर्धा उठला.

"काय घार, आज जमिनीवर?"

बंदरात त्याला सगळे घारच म्हणत. इतक्या उंचीवरून कंटेनरच्या कोपऱ्यातल्या भोकात खिट्टी पहिल्या फटक्यात बसवतो, म्हणून.

फाटकापलीकडे समुद्रात दूरवर गेलेली दगडी भिंत होती, लाटा अडवण्यासाठी घातलेली. तिच्या आतल्या बाजूला जहाजं, बाहेरच्या बाजूला हा किनारा. वाहत आलेली वाळू त्या भिंतीशी अडून साचत गेली असणार, हे तिच्या पाहताक्षणी लक्षात आलं. वारा समुद्रावरून बंदराकडे वाहत होता, त्यामुळे तिथला गोंगाट इकडे पोचतच नव्हता. क्रेनचे हात हलताना दिसत, कंटेनर खाली टेकताना दिसे, आवाज मात्र नाही. किनारा शांत होता, एवढं तरी नवऱ्याने खरं सांगितलं होतं.

बाकी सगळं चुकलं होतं. पाण्याकडे जाताना वाळूला लाटांनी गुडघाभर उंचीची पायरी पाडली होती. सासूबाईंना दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं.

"हे तुझं टेबल का रे?"

"वरून दिसत नाही गं ते. वरून उंची कळत नाही. सगळं चित्रासारखं दिसतं."

झाड सापडलं. घेर खरोखरच मोठा होता, पण ते झुडूप होतं, कमरेएवढं. सासूबाई त्याच्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"वऱ्हाड सशांचं असेल तर बसेल," त्या म्हणाल्या.

बाक म्हणजे वाळूत रुतलेला लाकडी ओंडका निघाला, जेमतेम वीतभर वर आलेला. सासूबाई त्यावर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या की आता मला उठवायला तुझी क्रेनच आण. नवराही हसला. ऊन कडक होतं, ओंडक्याची सावली वाळूवर रेघ मारल्यासारखी स्पष्ट पडली होती. खूप दिवसांनी तिघं असे एकत्र बाहेर आले होते, आणि विचारायचा प्रश्न आणखी थोडा वेळ तसाच राहिला तरी चालेल असं तिला वाटून गेलं.

नवऱ्याने थर्मास उघडला. वाळूत कप मांडले आणि चहा ओतायला लागला. चहा कपाच्या अलीकडे वाळूत पडला.

"आधी वाळूला पाजतोस होय?" सासूबाई म्हणाल्या.

"वारा आहे," तो म्हणाला.

वारा होता, पण धार वाऱ्याने तिरपी झाली नव्हती. प्रयोगशाळेत तिने ओतण्याच्या नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. थरथरणाऱ्या हाताचे थेंब चहूकडे उडतात. घाईतल्या माणसाचं काठोकाठ भरून सांडतं. ही धार बारीक होती, सरळ होती, हात अजिबात हलत नव्हता. फक्त जिथे कप नव्हता तिथे ती पडत होती. दुसऱ्या कपाच्या वेळी नवऱ्याने थर्मासचं तोंड आधी कपाच्या काठाला टेकवलं आणि मगच ओतलं. आंधळ्याने काठीने पायरी चाचपावी तसं. आता थेंबही सांडला नाही.

तिने कप उचलला. चहा पिताना तिची नजर थर्मासवरच होती.

तेवढ्यात सूर्यावर ढग आला. वाळूचा रंग एकदम उतरला. ओंडक्याची, झुडपाची, तिघांची, सगळ्यांच्या सावल्या पुसल्या गेल्या. नवऱ्याने मान वर करून बंदराकडे पाहिलं. धक्क्यावरची सर्वांत जवळची क्रेन त्याची होती. आज तिच्यावर त्याचा जोडीदार होता, लांब मानेमुळे ज्याला सगळे उंट म्हणत.

"आता उंट सावकाश घेईल," नवरा म्हणाला.

"का?"

"सावली गेली."

"सावलीचं काय काम?"

"कंटेनर पकडायची लोखंडी चौकट असते ना, आमचा पंजा, तो वरून सोडायचा असतो. ऊन असलं की त्याची सावली कंटेनरवर पडते, जरा बाजूला. पंजा खाली येईल तशी ती सरकत त्याच्याकडे येते. दोघं भेटले की समजायचं टेकला." त्याने एक तळवा दुसऱ्यावर अलगद उतरवून दाखवला. हे सांगताना तो खुशीत होता.

"आणि ढग असले की?"

"मग डोळ्यांचा अंदाज. सवयीचा असतो."

"तुमचा आहे?"

त्याने हात खाली घेतले. तिने त्याच्याकडे न बघताच पुढे सांगितलं. "ज्या दिवशी तुम्ही सिलिंडर वर आणलात ना, त्या दिवशी मी धुणं आतल्या दोरीवर घातलं होतं. त्याच्या आधी पाठ दुखली तेव्हाही कपडे वाळले नव्हते, दमट शर्टाला इस्त्री केली होती. मी वार बघत बसले होते. आभाळाकडे बघायला हवं होतं."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"आणि रात्री मोठे दिवे असतात," ती म्हणाली.

"रात्रीच्या सावल्या उन्हापेक्षा चांगल्या पडतात," तो हळूच म्हणाला. "अगदी कापून ठेवल्यासारख्या."

"कुठला डोळा?"

"उजवा. मधोमध काहीतरी आलंय. त्या डोळ्याने तुझ्याकडे बघितलं की कान दिसतात, तोंड दिसत नाही." त्याने हसून पाहिलं. "तेवढाच फायदा."

कुणी हसलं नाही.

"कधीपासून?"

"पोरीला होस्टेलवर सोडून आलो, तेव्हापासून. कंपनीची डोळ्यांची तपासणी त्याच्या आधीच झाली होती. म्हटलं, पुढच्या तपासणीपर्यंत जाईल आपोआप. एक डोळा चांगला आहे की."

"एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. वरून बघितलेल्या किनाऱ्यासारखं होतं, सगळं सपाट. आणि तुम्ही बसता उंचावर. म्हणजे दोन्हीकडून तेच."

"सावली सगळेच बघतात गं. उंटसुद्धा बघतो."

"उंट नुसती सावलीच बघतो का?"

तो वाळूत बोटाने खड्डा करत राहिला. मग म्हणाला, "मी ढगाळ दिवशी वर जातच नाही. एवढं तरी सांभाळलंय. एकाही कंटेनरला पोचा पडलेला नाही."

"सकाळी ऊन आहे म्हणून तुम्ही वर चढलात आणि मग असा ढग आला," ती म्हणाली, "की काय करता?"

"पंजा वरच धरून थांबतो. खालचे बोंबलतात. बोंबलू दे."

"आणि तो अर्ध्यात आलेला असेल तर?"

समोर पंजा एका कंटेनरवर उतरत होता, अगदी हळू, आणि शेवटी थोडा थबकून. उंट सावकाश घेत होता, पण थांबला नव्हता.

"एकदा झालं तसं," नवरा म्हणाला. "गेल्या आठवड्यात. मला वाटलं अजून बराच खाली जायचाय. डेकवर साखळ्या सोडवणारा एक जण होता, तो उडी मारून बाजूला झाला. नंतर खालून मला मूठ दाखवून हसला. मीही काचेतून हात केला."

"उडी मारली नसती तर?"

"मारली ना."

"तुम्ही मला हे सांगितलं नाहीत."

"कसं सांगू? सांगितलं की खाली उतरवतील. फाटकावर बसवतील, नाहीतर गोदामात. तुला माहीत नाही वर कसं असतं ते. वर कुणी हाक मारत नाही. पायाखाली काच, तिच्याखाली जहाज. तिथे बसलो की मला माझं काम येतं, एवढंच असतं. खाली मला काय येतं?"

खाली त्याला काय येतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस वरच होता आणि घरी यायचा तो झोपायला.

"साहेबांना आज सांगा," ती म्हणाली.

"उद्या सांगतो. पाळी झाल्यावर. उद्या स्वच्छ ऊन आहे, बातम्यांत सांगितलंय."

"म्हणूनच आज."

"एक पाळी गं. शेवटची म्हणून."

"तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. "माझ्याकडे साहेबांचा नंबर आहे. तुम्ही माझ्याशी महिनाभर बोलला नाहीत तरी चालेल."

"आई, बघ ही काय बोलते."

"मी बघतेय," सासूबाई म्हणाल्या. "मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं. लाव फोन."

तो उठला आणि पाण्याकडे गेला. काठाशी पाठमोरा उभा राहिला. परत येतोय की तसाच फाटकाबाहेर जातोय हे तिला कळेना, आणि तिने मागे जायचं नाही असं ठरवलं. ढग सरकला, ऊन पुन्हा पडलं. त्याची सावली ओल्या वाळूवर लांब पडली. तो काही वेळ तिच्याकडेच बघत उभा होता. मग त्याने खिशातून फोन काढला.

वारा समुद्राकडून असल्याने बोलणं ऐकू आलं.

"साहेब, मी घार. नाही, पाठ नाही. पाठीला काही झालेलं नाही, कधीच नव्हतं. डोळा गेलाय. उजवा. हो, मधला भाग. बरेच महिने." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "हो. चुकलंच. गेल्या आठवड्यात डेकवर एक पोरगा वाचला, ते पण सांगायचंय. फोनवर नको, समोर सांगतो." मग म्हणाला, "उद्याच्या पाळीला उंटाला विचारा. तो नाही म्हणणार नाही, त्याला घराचा कंटाळा आहे."

तो परत आला आणि ओंडक्यावर आईशेजारी बसला. सासूबाईंनी उरलेला चहा आपल्या हाताने त्याच्या कपात ओतला.

"ओरडला का?" तिने विचारलं.

"नाही. ओरडला असता तर बरं होतं." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "सकाळी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणाला, आणि तिथून चिठ्ठी घेऊन ऑफिसात ये. कसली चौकशी होईल ती होईल."

"मग उद्या डबा नको?" सासूबाईंनी विचारलं.

"नको."

"लागेल," ती म्हणाली. "तिथे रांग असते. दोघांचा भरते, मीही येतेय."