कालचं लेबल

रक्तपेढीतल्या लेबल छापणाऱ्या प्रिंटरने नेमका आजच असहकार पुकारला. खरं तर तो ठणठणीत होता. काल संध्याकाळी संगणकाने परस्पर नवी सिस्टिम चढवून घेतली आणि आता या म्हाताऱ्याला ओळखच दाखवेना. बारा वर्षं शेजारी बसून "अनोळखी उपकरण" म्हणे!

ताईचा फोन येताच मी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान उघडं टाकून धावलो. ताई इथली तंत्रज्ञ. टेबलावर रक्ताची पिशवी तयार होती, दारात वॉर्डबॉय डबा घेऊन उभा होता. वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता.

"हाताने लिहून दे ना," मी म्हणालो.

"हाताने लिहिलेलं वर घेत नाहीत. तू आपलं काम कर."

मी आधी वायर उपटली. लोक वायर लावून ठेवूनच ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, टाकतात आणि मग माझ्या नावाने बोंबलतात. जुना ड्रायव्हर मुळासकट काढला. प्रिंटरसोबत आलेल्या सीडीतला टाकायला गेलो, तर त्यावर कंपनीची सही नाही म्हणून सिस्टिमने नाकारला. सहीची तपासणी बंद करायची म्हणजे संगणक पुन्हा बंद-चालू. पडद्यावरचं चक्र गरगरत राहिलं.

फोन वाजला. "दोन मिनिटं, डॉक्टर," ताई तिसऱ्यांदा म्हणाली.

अखेर ड्रायव्हर बसला. वायर लावली. प्रिंटर खरखरला आणि लेबल बाहेर आलं.

"जमलं!" मी ते ओढलं, पिशवीवर चिकटवलं आणि पिशवी वॉर्डबॉयच्या डब्यात ठेवली. हा आगाऊपणा मला कुणी सांगितला होता?

"थांबा!" ताई किंचाळली. "मी अजून प्रिंट दिलेलीच नाही!"

काल अडकून पडलेलं लेबल सॉफ्टवेअरने जपून ठेवलं होतं. प्रिंटर दिसताच त्याने आधी तेच पाठवलं. अडकलेली कामं आधी पुसायची, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा, आणि मीच विसरलो. लेबलवर नाव होतं ऑपरेशन पुढे ढकललेल्या एका पेशंटचं. तोही वरच होता, रक्ताची वाट बघत. त्याचा गट वेगळा.

ताईने लेबल सोललं, नवं छापलं, मोठ्याने वाचलं, मलाही वाचायला लावलं. वॉर्डबॉय पळाला. थोड्या वेळाने वरून फोन आला: बाळंतिणीला रक्त चालू झालं.

"ताई, एक जीव गेला असता गं माझ्यामुळे."

"एक नाही, दोन. चुकीचं रक्त चढून तो आणि रक्तावाचून ती," ती म्हणाली आणि माझ्यासमोर पाण्याचा पेला धरला. मी तो एका दमात रिकामा केला आणि प्रिंटरची उरलेली अडकलेली कामं पुसायला बसलो.