दुपारचा थेंब

बाटलीत सतरा तुकडे होते. मसुराच्या डाळीएवढे नऊ, तांदळाच्या कणीएवढे आठ. रोह्याच्या त्या दातांच्या दवाखान्यात तीन महिन्यांत दातांवरून निखळलेली ही फिलिंग, कुणी कागदाच्या पुडीत परत आणलेली, कुणी पदराच्या गाठीत. तिथल्या नव्या डॉक्टर नम्रताने केसपेपर काढून पाहिले. तीन तुकडे रोहा-वरसेकडचे, चौदा कासूच्या खाडीकडचे.

"बघ," दवाखान्याचे मालक प्रणितसर म्हणाले. "मिठागरवाल्यांचे दातच तसले. खारं पाणी, मिसरी, सुकट. डिग्री घेऊन वर्ष झालंय तुला, कळेल हळूहळू."

सतरावा तुकडा समोर खुर्चीत बसलेल्या सगुणाचा होता. मिठागरात राबणारी, चाळिशीतली बाई. तिच्या पुढच्या दाताचा बसवलेला कोपरा तिसऱ्यांदा पडला होता.

"मी काय दातानं गोणी उचलते?" ती म्हणाली. "मिसरी जन्मात लावली नाय. भाकर बी मागल्या दातानं खाते. तरी माझंच चुकतंय व्हय?"

"वाद नको," सर म्हणाले. "शुक्रवारी या. दात काढून खोटा बसवू, कटकटच नको."

"घट्ट हाय तो! हलवून बघा की."

नम्रताने हलवून पाहिला. मुळापासून घट्ट होता. पडलेल्या तुकड्याची आतली बाजू तिने भिंगाखाली धरली. ती काचेसारखी गुळगुळीत होती, दाताचा एक कणही तिला लागून आला नव्हता. म्हणजे दात फुटला नव्हता. फिलिंग चिकटलंच नव्हतं. आणि शिक्षा मात्र दाताला!

केसपेपरवर फिलिंग बसवल्याच्या वेळा होत्या. कासूकडचे चौदाही दुपारी तीननंतर आलेले. मिठागरातलं काम उरकून माणसं दुपारच्या गाडीनेच येणार. रोहा-वरसेचे तिघेही दुपारचेच. सकाळचा एकही नाही.

"पिंकी, बाँड कुठाय?" तिने मदतनीस मुलीला विचारलं.

"वाटीत, मॅडम. सकाळीच काढून ठेवते. सारखी बाटली उघडली की सांडतं, म्हणतात सर."

वाटी उघडी होती, पंख्याखाली. बाँड हा दात आणि फिलिंग यांना सांधणारा पातळ द्रव. त्यातलं अ‍ॅसिटोन, नखांचा रंग पुसतात तेच, हवेत उडून जातं. मग द्रव घट्ट होतो, एनॅमलच्या बारीक खाचांत नीट उतरत नाही.

नम्रताने हे सांगितलं तेव्हा सर हसले. "वीस वर्षं हेच चाललंय माझं."

"म्हणजे वीस वर्षं दुपारची माणसं उगाच बोलणी खातायत, सर."

"मग सिद्ध कर. नाहीतर शुक्रवारी तिचा दात तूच काढायचास."

रुग्णांचे पूर्वी काढलेले, दवाखान्यात जपून ठेवलेले वीस धड दात तिने प्लास्टरमध्ये रोवले. दहांवर सकाळी नऊचा थेंब, दहांवर त्याच वाटीतला दुपारी तीनचा. खाचा पाडणारी आम्लाची जेली तीच, सेकंद तितकेच, फिलिंग कडक करणारा निळा दिवा तोच. प्रत्येकावर तीन मिलिमीटर रुंदीचं फिलिंग. मग एक पूर्ण दिवस सगळे पाण्यात.

शुक्रवारी सगुणा आली तेव्हा फिलिंगला तारेचा फास घालून त्याला बादली टांगलेली होती.

"हे काय गो बाय, दाताला पाणी भरायला लावतेस?"

"मावशी, माप तुम्ही ओता. फिलिंग सुटलं की थांबा. बादलीचं वजन मी वेगळं धरलंय."

सगुणा अर्ध्या लिटरच्या मापाने ओतू लागली. नऊच्या थेंबाचे दात झाले, मग तीनच्या थेंबाचे. त्यांतल्या चौथ्या दातालाही बादली लवकरच धपकन खाली आली तेव्हा ती सरांकडे वळली. "हा बी मिसरी लावत व्हता काय, डाक्टर?"

विसावा दात झाल्यावर सरांनी ट्रेमधली दात काढायची पकड उचलून कपाटात ठेवली. पिंकीने वाटी धुऊन पालथी घातली. सगुणा आपणहून खुर्चीत बसली, आणि नम्रताने बाँडची नवी बाटली उघडण्याआधी वहीत लिहिलं :

सकाळी नऊचा थेंब, दहा दात : सरासरी चौदा किलो दोनशे ग्रॅम.
दुपारी तीनचा थेंब, दहा दात : सरासरी चार किलो सहाशे ग्रॅम.