लाल चिठ्ठीवाली शिडी

मित्रांनो, शिडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर माळ्यावरचे डबे काढायची शिडी आली असेल, तर ती आधी बाजूला करा. मी एक जुनी शिडी आहे हे खरं, पण विमानाची! मला चार चाकं आहेत, दोन्ही अंगांना कठडे आहेत, आणि विमानाचं दार उंच असलं तर पंप मारून मला उंचसुद्धा करता येतं. एका मोठ्या शहराच्या विमानतळावर मी उभं आयुष्य काढलं. उभं म्हणजे अगदी खरोखरच उभं, कारण मला बसता येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाचे पत्रे वाकवून, ठोकून, जोडून मला घडवलं. ज्या वेल्डरने माझी पहिली पायरी जोडली, त्याला बहुतेक त्या दिवशी घरी जायची घाई असावी. कारण बाकीच्या पायऱ्यांवर पाय पडला की 'धप्' असा शहाण्यासारखा आवाज येतो, आणि पहिलीवर पडला की 'ठण्ण!' सुरुवातीला मला याची फार लाज वाटायची. पण याच आवाजाने पुढे माझं नाव राखलं.

तेव्हा विमानतळ सरकारी होता. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात 'सरकारी मालमत्ता' असं लिहिलेलं होतं. सरकारी म्हणजे नक्की कुणाची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जो तो मला आपलीच समजायचा. कुणी माझ्या कठड्यावर ओले हातमोजे वाळत घालायचा, कुणी पायरीवर बसून डबा खायचा, कुणी माझ्या सावलीत पाय पसरून चक्क घोरायचा. मला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटायचं.

मला विमानापर्यंत नेऊन दाराशी जोडायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळे 'कप्तान' म्हणत. "विमानाला एक कप्तान, तर शिडीला पण एक हवाच की!" अशी त्याची थट्टा व्हायची. त्याने ती थट्टा मनावर घेतली आणि खऱ्या कप्तानासारखाच वागू लागला. त्याचा एक नेम होता. मी दाराला लागले की तो आधी माझ्या पहिल्या पायरीवर दोनदा पाय आपटायचा. ठण्ण, ठण्ण! मग वरपर्यंत चढून, खाली उतरून, कठडा हलवून बघायचा. त्यानंतरच माणसं. आधी आपण चढायचं, मग दुसऱ्याला चढवायचं, असं त्याचं म्हणणं. वैमानिक कितीही तोंड वाजवू देत, हा बापडा आपला पाय आपटणारच.

समोरच्या इमारतीवर एक मोकळी गच्ची होती. सुट्टीच्या दिवशी तिथे शहरातली माणसं मुलाबाळांना घेऊन विमानं बघायला येत. कठड्याला नाकं लावून उभी राहिलेली ती पोरं! त्यांत दोन वेण्या घातलेली कप्तानाची मुलगीही असायची. "बाबाऽऽ!" अशी हाक मारायची, आणि कप्तान उत्तर म्हणून माझ्यावर पाय आपटायचा. ठण्ण, ठण्ण! मग गच्चीवरची सगळीच मुलं नाचायला लागायची. मित्रांनो, विमानं उडतात ती उडतात, पण त्या दिवसांत मीच हवेत असायचे.

माझ्यावरून कितीतरी माणसं गेली. पहिल्यांदाच दूरदेशी निघालेली एखादी मुलगी सर्वांत वरच्या पायरीवर थांबून मागे वळायची आणि हात हलवत राहायची. मागचे प्रवासी कुरकुर करायचे. कप्तान खालून ओरडायचा, "हलवू द्या हो तिला! विमान काय तुम्हाला सोडून चाललंय?" आणि कुरकुरणारेसुद्धा हसायचे.

मग एक दिवस बातमी आली. सरकारने विमानतळ एका खाजगी कंपनीच्या हवाली केला. माझ्या पायऱ्यांवर डबे उघडले आणि चर्चेला तोंड फुटलं.

"म्हणजे विकला?"

"विकला नाही रे, बऱ्याच वर्षांसाठी चालवायला दिला."

"मग मालक कोण?"

"मालक सरकारच. पण ऐकायचं कंपनीचं."

"असं होय! म्हणजे अगदी आमच्या घरासारखंच की."

सगळे हसले, एकटा कप्तान सोडून. तो म्हणाला, "हसा, हसा. उद्या श्वास घ्यायलाही पास लागेल. आणि एवढं करून संडास आहेत तसेच राहतील, माझ्याकडून लिहून घ्या."

पंधरा दिवसांत संडास लख्ख झाले. कप्तान स्वतः जाऊन खात्री करून आला आणि माझ्या पायरीवर बसला. सोबत्यांनी विचारलं, "काय कप्तान, कसे आहेत?" तो म्हणाला, "चकाचक आहेत. पण जरा जास्तच थंड आहेत."

खरं ते सांगायला हवं. कंपनीने गळकं छत दुरुस्त केलं, रांगा आटोक्यात आणल्या, सगळ्यांना मजबूत बूट दिले. माझ्या अंगावरची पांढरी अक्षरं पुसून मला झकास नारिंगी रंग दिला. मी चार दिवस मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू? पण गच्ची बंद झाली. तिथे काचा लावून मऊ सोफ्यांची खोली केली, आणि तिकीट असलेल्या प्रवाशांशिवाय कुणाला वर जाता येईना. मुलांचा तो गलका थांबला. कप्तान सवयीने पाय आपटायचा आणि वर बघायचा. काचेआड लोक वर्तमानपत्रं वाचत बसलेले असायचे.

अशात कप्तानाच्या घरीच फटाका फुटला. ती वेण्यांवाली मुलगी शिकूनसवरून मोठी झाली होती. ती कंपनीत मोठ्या जागेवर लागली. विमानतळाची नवी इमारत उभी राहत होती, ती उद्घाटनासाठी सज्ज करायची जबाबदारी तिच्याकडे आली. कप्तान माझ्या चाकांना तेल घालताना मला सगळं सांगायचा. "माझ्या ताटात कंपनी जेवायला बसते बघ! मी म्हणतो गच्ची उघडा, ती म्हणते बाबा, गच्चीवर खर्च किती होतो ठाऊक आहे का? आणि तिची आई दोघांना म्हणते, आधी जेवा."

नव्या इमारतीत शिड्यांची गरज नव्हती. तिथे एरोब्रिज होते. एरोब्रिज म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत जाणारा बंद बोळ. एका नळीत दुसरी नळी बसवलेली असते, आणि आतली नळी बाहेर सरकली की बोळ लांब होतो, दुर्बिणीसारखा. ऊन नाही, वारा नाही, पायऱ्या नाहीत. वयस्कर माणसांची मोठीच सोय. मला त्यांचा राग नव्हता. पण आता माझं काय होणार, या विचाराने माझे नटबोल्ट ढिले झाले होते.

उत्तर लवकरच आलं. मागच्या आवारातलं जुनं सामान हलवायचा हुकूम सुटला. ज्या वस्तूचं काम संपलं तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवायची, आणि भंगारवाल्याचा ट्रक आला की ती वस्तू त्यात चढवायची. चिठ्ठ्या चिकटवायला कप्तानाची मुलगीच आली. माझ्यापाशी आली तेव्हा तो माझ्या कठड्याला फडकं मारत होता.

"बाबा, बाजूला व्हा ना जरा."

"चिकटव की. आणि एक उरली तर तुझ्या बापालाही चिकटव."

"बाबा, हे माझं काम आहे."

"आणि हे माझं होतं," कप्तान म्हणाला आणि फडकं खांद्यावर टाकून निघून गेला.

मग तिने माझ्या कठड्यावर, अगदी खालच्या टोकाला चिठ्ठी चिकटवली. 'निरुपयोगी. त्वरित हलवा.' मित्रांनो, एवढी वर्षं लोकांचे पाय सोसले, कधी दुखलं नाही. तो कागदाचा कपटा मात्र लागला.

माझ्या बहिणी, म्हणजे बाकीच्या शिड्या, एकेक करून ट्रकमधून गेल्या. माझी पाळी आली की ती ट्रकवाल्याला म्हणायची, "हिला पुढच्या खेपेला न्या." पुढच्या खेपेलाही तेच. कप्तान तिच्याशी बोलत नव्हता, पण जेवणाच्या सुट्टीत येऊन माझ्या चाकांत तेल घालून जायचा. बापलेक दोघंही एकमेकांपासून लपवून मला जपत होते. मी सगळं बघत होते, पण सांगणार कुणाला?

उद्घाटनाचा दिवस उजाडला. कंपनीच्या सर्वेसर्वा, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, त्या पहिल्याच विमानाने येणार होत्या. त्यांच्यासोबत दीडशेक साधे प्रवासीही होते. सनई नाही, चौघडा नाही, पण बँडवाले मात्र कडक इस्त्रीत उभे. विमान आलं, नव्या एरोब्रिजसमोर थाटात उभं राहिलं. एरोब्रिज चालवणाऱ्याने कळ दाबली. बोळ हातभर पुढे सरकला, कर्रर्र असा आवाज झाला, आणि जागच्या जागी अडला.

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी त्या बोळात नवा कोरा गालिचा घातला होता. एरोब्रिज मिटलेला असताना घातला, आणि कुठे सुरकुती नको म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत डिंक लावून पक्का चिकटवला! दोन्ही नळ्या गालिच्याने एकमेकींना बांधून टाकल्या. आता आतली नळी बाहेर येणार कशी? गालिचा ताणला गेला, चोळामोळा होऊन सांध्यात अडकला. मेकॅनिक म्हणाला, "कापून काढायला दुपार होईल." अडीअडचणीसाठी मागवलेल्या नव्या मोटारवाल्या शिड्या अजून यायच्या होत्या. विमानात माणसं उकडत होती. आणि गालिचा पक्का चिकटवायला सांगणारी होती आपली वेण्यांवाली!

ती बूट हातात घेऊन धावत मागच्या आवारात आली. कप्तान माझ्याजवळच होता.

"बाबा, शिडी चालते का?"

"कुठली? ती निरुपयोगी?"

"बाबा, टोमणे नंतर मारा. चुकलं माझं. माणसं अडकलीत आत."

माणसं अडकलीत म्हटल्यावर कप्तानाचा चेहराच बदलला. "ट्रॅक्टर आणा रे!" अशी त्याने आरोळी ठोकली. मला जोडलं, आणि मी निघाले. चाकांत तेल होतंच. इतक्या वर्षांत माझी मिरवणूक एवढ्या वेगाने कधी निघाली नव्हती.

मी दाराला लागले. विमानतळाचे मॅनेजरसाहेब घड्याळाकडे बघत ओरडले, "चला, उघडा दार! उशीर झालाय!" कप्तान पाय आपटायला पुढे झाला, तर त्याच्या मुलीने त्याचा हात धरला. "बाबा, दार माझ्या चुकीने अडलंय. आज आधी मी चढते." अनवाणी पायांनी तिने माझ्या पहिल्या पायरीवर दोनदा पाय आपटला. ठण्ण, ठण्ण! सगळ्या पायऱ्या चढली, कठडा गदागदा हलवला, खाली उतरली आणि बापाला म्हणाली, "पक्की आहे." कप्तान एकदम दुसरीकडे बघायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत अशी त्याची खटपट चालली होती. मला दिसले.

बँड वाजू लागला आणि प्रवासी उतरले. सर्वांत शेवटी मोठ्या बाई, चांगल्या आजीच्या वयाच्या, कठडा धरून एकेक पायरी मोजूनमापून उतरल्या. शेवटच्या पायरीवर त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "निरुपयोगी. त्वरित हलवा." बँड थांबला. "हे मला उद्देशून आहे का?"

मॅनेजरसाहेब बँडवाल्यांच्या मागे सरकले. कप्तानाची मुलगी पुढे झाली. "नाही बाई. ती चिठ्ठी शिडीवर मी लावली. आणि गालिचाही मीच चिकटवायला सांगितला. दोन्ही चुका माझ्या."

"बरं झालं, एकाच माणसाने केल्या," बाई म्हणाल्या. "शोधत बसायला नको. शिडी कुणाची?"

"आजवर सगळ्यांची होती," कप्तान म्हणाला. "आता तुमची."

बाई हसल्या. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "गालिचा स्वतः उभी राहून काढून घे. आणि हिचं काय करायचं तेही तूच सांग."

ती लगेच बोलली. जणू कधीपासून तयारच होती. "बाई, पूर्वी इथे गच्ची होती. तिकीट नसलेल्या मुलांनाही विमान बघता यायचं. मीही बघितलंय. ती आता परत येणार नाही, कळतं मला. पण कुंपणाबाहेर आपलीच मोकळी जागा पडून आहे. शिडी तिथे उभी करू द्या."

"आणि कुणी पडलं तर?"

"जाळी बसवू, आणि माणूस ठेवू. रोज तपासायला."

"असा माणूस आहे?"

कप्तान घसा खाकरून म्हणाला, "पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन रिकामा होतोय एक."

तेव्हापासून मी कुंपणाबाहेर उभी आहे. माझी चाकं जमिनीत पक्की केली आहेत, सर्वांत वर उभं राहायच्या जागेला जाळी आहे, आणि वरून अख्खी धावपट्टी दिसते. तिकीट लागत नाही. दुपारी शाळा सुटली की मुलं येतात, सुट्टीला आईवडील येतात. कप्तान खुर्ची टाकून बसलेला असतो. संध्याकाळी त्याची मुलगी डबा घेऊन येते आणि दोघं पायरीवर बसून कंपनीवरून मनसोक्त भांडतात.

ती लाल चिठ्ठी मात्र पूर्ण निघाली नाही. चिकटवायचं काम ती पोरगी फारच मनापासून करते. खरवडून खरवडून एवढाच शब्द उरला आहे, 'हलवा'. मुलं तो वाचतात, वर चढतात आणि विमानांकडे बघून हात हलवतात.

मित्रांनो, तुम्हीही या. विमानतळ आज यांचा, उद्या आणखी कुणाचा. माझा रंगही बदलेल. पण जिच्यावरून तुम्ही चढता, तिला जरा सांभाळा. धक्काबुक्की करू नका, कठड्यावर नावं कोरू नका, जुनी दिसते म्हणून हसू नका. आणि चढण्याआधी पहिल्या पायरीवर दोनदा पाय आपटा. ठण्ण, ठण्ण असा आवाज आला की समजा, मी तयार आहे.